चार चौकांचा बँड

आमच्या गॅरेजच्या भिंतीवर एका खिळ्याला चार फुटांची हिरवी रबरी नळी टांगलेली आहे. बागेला पाणी घालतात ती. तिच्या एका टोकाला तेल ओतायचं लाल नरसाळं चिकटपट्टीने पक्कं बसवलेलं आहे. घरी नवा पाहुणा आला की विचारतोच, हे काय? मुलगी म्हणते, "डोन्ट आस्क." नवरा म्हणतो, "तो बिगुल आहे." मी गप्प राहते, कारण मी बोलायला लागले की पाहुण्याचा चहा गार होतो.

ती नळी कमांडरची. कमांडर कुठल्याही सैन्यात नव्हता. कॅनडातल्या सस्काटूनजवळच्या पोटॅशच्या खाणीत तो माझ्या नवऱ्याबरोबर इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनियर होता. मूळचा नागपूरचा, उंचीने बेताचा, आवाजाने अफाट. गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राशेजारी पितळी शिट्टी. मीटिंग लांबली की ती नुसती हातात घ्यायचा, आणि साहेब लोक आपोआप मुद्द्यावर यायचे, असं नवरा सांगतो. त्याला कमांडर हे नाव पाठीमागे पडलं, मग तोंडावर आलं, आणि शेवटी त्याने स्वतःच ते आपल्या ईमेलखाली लिहायला सुरुवात केली.

त्याचं सगळंच तालावर चालायचं. ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करताना तोंडाने "डावा, उजवा, डावा, फेक!" विंटर टायर्स बदलताना नट पिळायचे ते चार-चारच्या मात्रेत. त्याच्या घरी फोन केला आणि कुणी उचलला नाही, तर आधी बिगुल वाजायचा, मग आवाज यायचा, "आम्ही सध्या कूच करून राहिलो आहे. संदेश सोडा." माझ्या सासूबाईंनी पुण्याहून एकदा चुकून तो नंबर लावला आणि दोन दिवस त्यांना वाटत होतं की आम्ही देश सोडून पळालो.

त्या वेळी सस्काटूनमध्ये मराठी घरं इतकी थोडी होती, की कुणाकडे ताजा कढीपत्ता आला हेसुद्धा सगळ्यांना कळायचं. अशा गावात एका ऑक्टोबरच्या सकाळी सगळ्यांना एक ईमेल आला. विषय होता : इतिहास घडून राहिला आहे. आत लिहिलं होतं की उत्तर अमेरिकेतलं पहिलं मराठी ड्रम आणि बिगुल पथक स्थापन झालं आहे. साठ वादक. एक ताल. एक पाऊल. पुढच्या उन्हाळ्यात जत्रेच्या आधी शहरातून जी मिरवणूक निघते, तीत हे पथक कवायत करत, बिगुल फुंकत, ड्रम बडवत जाणार. खाली उलटी गणती : तीनशे दिवस बाकी.

त्या दिवशी पथकात एकूण तीन माणसं होती. एक कमांडर, दुसरी झांजा वाजवायला तयार झालेली त्याची बायको, आणि तिसरा वॉल्टर. वॉल्टर त्यांचा शेजारी, रेल्वेतून निवृत्त झालेला, पंचाहत्तरीचा, कानाने अधू. तरुणपणी तो इथल्याच एका ड्रम-बिगुल पथकात होता. ते पथक केव्हाच मोडलं, पण त्याचे सहा बिगुल वॉल्टरच्या बेसमेंटमध्ये एका ट्रंकेत पडून होते. एका संध्याकाळी त्याने ती ट्रंक उघडून दाखवली आणि कमांडरच्या डोक्यात जे शिरलं, ते शिरलंच.

आता माणसाने थोडं थांबावं की नाही? नाही. पोस्टर छापले. भारतीय ग्रोसरीत बासमतीच्या पोत्यांच्या वर आणि फोनकार्डांच्या शेजारी ते लागले. दर रविवारी एक तास देशी गाणी लावणाऱ्या रेडिओवर त्याने मुलाखत दिली आणि साठाचे 'सध्या साठ' केले. टोरंटोजवळच्या मार्कहॅमच्या मराठी मंडळींना पत्र लिहिलं, की तुमच्या संमेलनाला यायला आमची हरकत नाही, मात्र साठ जणांची राहायची सोय लागेल. त्यांचं उत्तर आलं नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथे बाशिंग बांधून झालं होतं, गुडघेच गोळा करायचे होते.

उद्घाटन आधी दिवाळीच्या कार्यक्रमात होणार होतं. मग संक्रांतीला. मग एप्रिलमधल्या जयंतीला, जिथे चार-पाच नागपूरकडची घरं हॉल घेऊन मोठ्या मनाने सगळ्यांना बोलवत. दर वेळी ईमेल यायचा : तयारी अपेक्षेहून मोठी झाल्याने कार्यक्रम पुढे ढकलला आहे. लोक हसायचे. मीसुद्धा हसायचे. गर्जेल तो पडेल काय, असं मी एका हळदीकुंकवात मोठ्याने म्हटल्याचं मला आठवतं, आणि ते नेमकं त्याच्या बायकोच्या कानावर गेल्याचंही.

 मला थोडं लागून राहिलं, म्हणून दुसऱ्या दिवशी तिचा डबा परत करायच्या निमित्ताने मी गेले. दार कमांडरने उघडलं. मला खालपासून वरपर्यंत पाहून म्हणाला, "वहिनी, तुमचे खांदे चांगले आहेत."

मी म्हटलं, "काय?"

"मोठ्या ड्रमला खांदे लागतात. आवाज कोणीही काढते. वजन घेऊन चालणारा माणूस नाही भेटत."

माझ्या खांद्यांचं कौतुक आयुष्यात तोवर कुणी केलं नव्हतं. पुण्यात गणपतीची पथकं मी गॅलरीतून पाहिली, तीही कानात बोटं घालून. तरी दहा मिनिटांत मी त्याच्या बेसमेंटमध्ये होते आणि माझ्या पोटावर एका बंद पडलेल्या शाळेचा मोठा ड्रम पट्ट्याने अडकवलेला होता.

तो हिवाळा मी विसरणार नाही. बाहेर उणे पस्तीस, इंजिन गोठू नये म्हणून गाड्या विजेच्या प्लगला लावलेल्या, आणि दर रविवारी सकाळी दहाला त्या बेसमेंटमध्ये आम्ही. हळूहळू चौदा जण झालो. त्यात दोन विद्यापीठातले पीएचडीवाले, एक दातांची डॉक्टर, माझा नवरा, त्याच्या ओळखीचा एक पंजाबी ट्रकवाला. बिगुल सहाच होते. ते आधी आलेल्यांनी घेतले. बाकीच्यांना कमांडरने नळ्या दिल्या. सीझन संपल्यावर सेलमध्ये घेतलेली बागेची नळी चार-चार फुटांची कापून, एका टोकाला नरसाळं. म्हणाला, "ओठ शिकले की काम झालं. पितळ नंतर येते. मेरठला ऑर्डर केली आहे." आणि खरंच, त्या नळीतून सूर निघायचे. चांगले नव्हते, पण निघायचे. वर स्वयंपाकघरात त्यांची मुलगी कानाला हेडफोन लावून बसायची आणि मधूनच जिन्यावरून ओरडायची, "डॅड, द काऊज आर बॅक!"

बिगुलाला कळा नसतात. फुंकेवर आणि ओठांवर मिळून पाचच सूर निघतात. पीएचडीवाल्यातला एक तक्रार करायचा की पाच सुरांत काय वाजवणार. कमांडर म्हणायचा, "माणसाला सांगायचं तरी किती असते? उठा, चला, थांबा, जेवा, झोपा. पाच पुरतात."

त्याचा दुसरा नियम पावलांचा. "सूर चुकला तर माफी आहे. पाऊल थांबलं तर नाही." मिरवणुकीच्या फॉर्मवर तसंच लिहिलं होतं : कुठेही न थांबता चालत राहावे. तो फॉर्म त्याने फ्रिजवर लावला होता.

हे सगळं कशासाठी, हे मला फेब्रुवारीत कळलं. झांजा पुसता पुसता त्याच्या बायकोने सांगितलं. आदल्या वर्षी तिच्या सासूबाई गेल्या. नागपुरात सासरे एकटे. तीनदा त्यांना कॅनडाला बोलावलं, तीनदा ते म्हणाले, तिथे माझं काय काम? रिकामा बसून कुणाचं खाणारा माणूस मी नाही. सासऱ्यांनी चाळीस वर्षं लग्नाच्या ब्रास बँडमध्ये बिगुल आणि ट्रम्पेट वाजवलं होतं. तेव्हा चौथ्या फोनला कमांडरच्या तोंडून निघून गेलं, बाबा, इथे साठ जणांचा बँड आहे. शिकवायला माणूस नाही.

बाबा लगेच म्हणाले, "मग येतो."

"आता ते जूनमध्ये येऊन राहिले," ती म्हणाली. "आणि साठ कुठून आणायचे, ते तुम्हीच सांगा."  हळदीकुंकवातलं माझं वाक्य मला आठवलं.

मे महिन्यात मेरठचं खोकं विमानतळाच्या कार्गोत आलं. आमची व्हॅन मोठी म्हणून मी आणि कमांडर ते आणायला गेलो. कस्टमच्या माणसाला बिगुल या वस्तूसाठी कुठला कोड लावायचा ते सापडेना. दोन तास आम्ही पार्किंगमध्ये बसून होतो. इतका वेळ गप्प बसलेला कमांडर मी पहिल्यांदाच पाहत होते. मग तो समोरच्या काचेकडे बघत बोलायला लागला.

"वहिनी, मी इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. मित्राच्या भावाचं लग्न होतं. आम्ही सगळे वरातीत नाचून राहिलो होतो. धरमपेठेत. आणि बँड बाबांचा निघाला."

मी त्याच्याकडे वळले.

"लाल कोट, डोक्यावर तुरा. माझ्यापासून चार हातांवर. मित्रांना माहीत नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं कधी. बाप काय करते म्हटलं की मी म्हणायचो, सर्व्हिसमध्ये आहे. वाटलं, आता हे हाक मारतील. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मिटूनच वाजवलं. पूर्ण रस्ताभर. मला त्रास नको म्हणून."

"मग?"

"मग काय. मी नाचलो." त्याने शिट्टी बोटांत फिरवली. "घरी कोणीच काही बोललं नाही. आजपर्यंत नाही. वहिनी, वरपक्षाच्या दारात बँड थांबतो, मालकाला सलामी देतो. बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांना दिली. मला एकदा, भर रस्त्यात, सगळ्या लोकांसमोर, त्यांच्यासमोर बँड उभा करायचा आहे. बस. त्याच्यानंतर पथक राहिलं काय, नाही राहिलं काय."

मी पुण्याची. कुणी मन मोकळं केलं की आम्हाला काय बोलावं ते सुचत नाही, म्हणून मी त्याला थर्मासमधला चहा दिला. पण घरी येताना माझ्या डोक्यात माझंच लग्न होतं. आमच्याही लग्नाला बँड होता. त्यातल्या एकाही माणसाचा चेहरा मला आठवेना.

बाबा जूनमध्ये आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, कॅनव्हासचे बूट, हातात एकच बॅग. विमानतळावरून घरी, आणि चहा घेऊन थेट बेसमेंटमध्ये. आम्ही चौदा जण लाल कोट घालून ओळीत उभे. कोट नागपूरच्या शिंप्याने शिवून पाठवले होते, एकाच मापाचे. बाबांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं.

"बाकीचे कुठं हायेत?"

"सुट्टीवर," कमांडर म्हणाला.

"सगळेच?"

"उन्हाळा आहे ना, बाबा. इथे लोक उन्हाळ्यात कॅम्पिंगला जातात."

बाबांनी मान हलवली. "बरं. वाजवा."

मेरठचे बिगुल आल्यापासून सगळ्यांनी एकत्र असं आम्ही वाजवलंच नव्हतं. नवे बिगुलवाले आपापल्या घरी सराव करत होते आणि परीक्षांचे, नोकऱ्यांचे नखरे चालू होते. त्या दिवशी पहिल्यांदा वॉल्टरच्या ट्रंकेतले सहा आणि मेरठचे चार बिगुल एका दमात वाजले. देवा! दारात अडकलेल्या दोन गाड्यांचे हॉर्न एकदम वाजावेत तसा आवाज झाला. वॉल्टर मात्र समाधानाने हसत होता. त्याने कानाचं मशीन काढून ठेवलं होतं.

बाबांनी हात वर केला. एकेकाचा बिगुल घेऊन पाहिला, टिचकी मारून पाहिली. म्हणाले, "अर्धा बँड नागपुरात हाय अन् अर्धा कामठीत. या जुन्यांची पट्टी खालची, या नव्यांची वरची. जन्मात जुळत नाहीत."

आठ-नऊ महिन्यांची जाहिरात, चौदा लोकांच्या रविवारच्या सकाळी, मेरठची ऑर्डर, आणि कमांडरने ऑर्डर देताना पट्टी विचारलीच नव्हती. बिगुल म्हणजे बिगुल, असं त्याला वाटलं. मोजमापाच्या यंत्रांचा इंजिनियर!  मिरवणूक पाच आठवड्यांवर होती.

बाबा पायरीवर बसले. थोडा वेळ गुडघ्यावर बोटं आपटत राहिले. मग म्हणाले, "जुळत नाहीत तर जुळवाचं कायले? एकानं विचारावं, दुसऱ्यानं सांगावं. जुने सवाल करतीन, नवे जवाब देतीन. दोघं एकदम कधीच वाजवाचं नाही. मधात ड्रम." आणि मग माझ्याकडे बोट, "ही पोरगी दोघांच्या मधात. काही झालं तरी हिचा हात थांबला नाही पाहिजे."

तासाभरात त्यांनी ते बसवलं. खालून सवाल, वरून जवाब, मध्ये माझे चार ठोके. माझ्या अंगावर काटा आला, हे मी कबूल करते. तोवर मला हे सगळं एका भल्या माणसाचं वेड वाटत होतं. त्या दिवशी पहिल्यांदा ते गाणं वाटलं.

स्वतः बाबा फुंकत नव्हते. छातीचा दम गेला होता. लाल कोटही घालायला तयार झाले नाहीत. "लय घातला," एवढंच म्हणाले. पण रोज संध्याकाळी आमच्यातला कुणी ना कुणी तिथे जायचाच आणि ते पायरीवर बसून शिकवायचे. त्यांनी चालणंही बदलून टाकलं. कर्लिंग या बर्फावरच्या खेळाच्या रिंकबाहेर, उन्हाळ्यात रिकाम्या पडलेल्या पार्किंगमध्ये आम्ही कवायत करत होतो, तेव्हा म्हणाले, "हे काय धावून राहिले तुम्ही? चौक आला की थांबाचं. चारी रस्त्यांवरचे लोक पाहतात. त्यांना एक तुकडा द्यायचा, मग पुढं. चौकात न थांबणारा बँड म्हणजे पोस्टमन."

आणि गंमत म्हणजे ते आम्हा सगळ्यांना पटलं. मिरवणूक चौकात थांबते, हे आम्हाला कुणी शिकवायची गरजच नव्हती. आम्ही जन्मापासून तेच पाहत आलो होतो. एकटा वॉल्टर म्हणाला, "इन अ परेड यू डोन्ट स्टॉप." त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. मी कमांडरला बाजूला घेऊन फ्रिजवरच्या फॉर्मची आठवण दिली. तो म्हणाला, "वहिनी, मला माहीत आहे. पण बाबांना मी नाही म्हणू? मी?"

एकदा सराव संपल्यावर मी बाबांना विचारलं, इतकी लग्नं वाजवलीत, त्यातलं लक्षात राहिलेलं कुठलं? मला वाटलं, कुठल्या तरी श्रीमंताचं सांगतील. ते म्हणाले, "काटोलकडचं एक होतं. गरिबाचंच. पंगती उठून राहिल्या होत्या. आम्ही मांडवाच्या मागं बसलो होतो. बँडचं जेवण शेवटी असते, उरलं तर. तर नवरीचा बाप मागं आला अन् ओरडून म्हणाला, बँडवाले जेवले का? चाळीस सालात तेवढ्या एकानं विचारलं. त्याचं नाव विसरलो, आवाज नाही विसरलो."

मी घरी गेले आणि आईला फोन केला. विचारलं, माझ्या लग्नात बँडवाले जेवले होते का गं? आई म्हणाली, "असं काय विचारतेस आता? जेवले असतील की." मी फोन ठेवला. ती लाज अजून पुरती गेलेली नाही.

'सुट्टीवर' असलेल्या शेहेचाळीस लोकांचं बाबांनी पुढे कधी काढलं नाही. फक्त मिरवणुकीच्या आदल्या दिवशी कोटांच्या गुंड्या तपासताना लेकाला म्हणाले, "आमचा बँडमालक बी असंच सांगे. पन्नासचा बँड म्हणे अन् बावीस आणे. पण तो लोकांना फसवे. तू मले बोलवाले खोटं बोलला. जाऊ दे." कमांडर खाली वाकून बुटाची नाडी बांधत राहिला. ती आधीच बांधलेली होती.

मिरवणुकीच्या दिवशी ऊन छान होतं. रस्त्याच्या दोन्ही कडांना घडीच्या खुर्च्या टाकून लोक बसलेले. बाबांची खुर्ची चौथ्या चौकात, कोपऱ्यावर, सावलीत. त्यांना सलामीचं काही सांगितलेलं नव्हतं. आमच्या पुढे ट्रकवर उभ्या राहिलेल्या स्केटिंगच्या मुली, मागे जुने ट्रॅक्टर जपणाऱ्या शेतकऱ्यांचे सात ट्रॅक्टर, धूर काढणारे. कमांडर सगळ्यांत पुढे. शिट्टी. डावा, उजवा.

पहिला चौक आला आणि आम्ही थांबलो. सवाल, जवाब, माझे ठोके. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागचे ट्रॅक्टर कसेबसे थांबले. दुसऱ्या चौकात पुन्हा थांबलो. आता स्केटिंगच्या मुली पार पुढे गेल्या होत्या आणि आमच्यासमोर मोकळा रस्ता पडला होता. पिवळं जाकीट घातलेली एक स्वयंसेविका वॉकीटॉकी घेऊन धावत आली. "फोक्स, यू गॉट टू कीप मूव्हिंग!" कमांडरने तिला सॅल्यूट केला. तिसऱ्या चौकात पुन्हा थांबलो. खरं सांगायचं तर त्याने थांबायचा हुकूम दिलाच नव्हता. आमचे पाय आपणहून थांबले. मागे एका ट्रॅक्टरचं पाणी उकळून वाफ निघाली आणि तो बंदच पडला. ती बाई लाल होऊन परत आली. "वन मोर स्टॉप, अँड आय ॲम टेकिंग यू आउट. आय मीन इट."

कमांडर आमच्याकडे वळला. चौथा चौक दिसत होता. त्याच्यापुढे अजून सात चौक होते, शहराच्या कचेरीसमोरचा मोठा मंच होता, रेडिओवाला माणूस होता, आणि पोस्टरवर छापलेलं ते सगळं होतं. न थांबता गेलो असतो तर तिथवर पोचलो असतो, आणि बाबांच्या समोरून नुसते चालत गेलो असतो.  मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "वहिनी, हात थांबवू नका."

चौथ्या चौकात त्याने शिट्टी फुंकली, आणि पथक डावीकडे तोंड करून बाबांच्या खुर्चीसमोर उभं केलं. सलामीचा सवाल त्यालाच फुंकायचा होता. त्याने बिगुल तोंडाला लावला. सूर निघेना. ओठ थरथरत होते. मी ठोके देत राहिले, चार, आठ, बारा. शेवटी वॉल्टर एक पाऊल पुढे आला आणि त्याने सवाल फुंकला, साठ वर्षांपूर्वीसारखा, अगदी स्वच्छ. वरच्या पट्टीतून जवाब आला. कमांडर हात कपाळाशी नेऊन ताठ उभा होता, आणि गालांवरून पाणी वाहत होतं ते पुसतसुद्धा नव्हता.

बाबांना आधी कळलंच नाही. त्यांनी मागे वळून पाहिलं, की ही सलामी कुणाला. मागे कुणी नव्हतं. मग ते हळूहळू खुर्चीतून उठले. लेकाकडे बघत राहिले. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत.

पिवळ्या जाकिटाच्या बाईने आम्हाला बाजूच्या गल्लीत वळवलं. मिरवणूक पुढे निघून गेली. त्या पथकाचं आयुष्य एवढंच, चार चौक. पुढच्या वर्षी आमचा फॉर्म नामंजूर होऊन परत आला. कमांडरला नंतर मार्कहॅममध्ये नोकरी लागली, तो तिकडे काँडोत, म्हणजे फ्लॅटमध्ये, राहायला गेला, आणि काँडोत बिगुल चालत नाही. बाबा थंडीच्या आधी नागपूरला परतले ते पुन्हा आले नाहीत. दोन हिवाळ्यांनी ते गेल्याचा फोन आला. गावात आजही कुणी गप्पा हाणायला लागलं की म्हणतात, "साठ वादक का?" मीही हसते. पण पूर्वीसारखं नाही.

त्या दिवशी गल्लीत मात्र आम्ही सगळे पडेल चेहऱ्याने उभे होतो. एका दवाखान्यासमोर हिरवळीची पट्टी होती, तिथे ड्रम उतरवले.  नवऱ्याने बाबांना हात धरून, खुर्ची काखेत मारून आणलं होतं. कमांडर त्यांच्यासमोर गेला.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते आम्हा सगळ्यांकडे वळले आणि छातीत दम नसलेल्या त्या माणसाने जोरात ओरडून विचारलं,

"बँडवाले जेवले का?"

 मीच म्हणाले, "नाही बाबा. अजून नाही."

कमांडरच्या बायकोने कूलर उघडला. पुऱ्या, वांग्याची भाजी, बुंदी. मिरवणूक संपल्यावर नदीकाठी बसून खायचं ठरलं होतं, ते दवाखान्याच्या हिरवळीवर निघालं. आम्ही लाल कोटांतच ओळीने मांडी घालून बसलो, वॉल्टर पाय लांब करून. बाबांनी बाह्या सरसावल्या आणि एकेकाच्या पानात बुंदी वाढत पूर्ण ओळ फिरले. मग पुन्हा फिरले. सून म्हणाली, "बाबा, तुम्ही बसा ना आता." ते म्हणाले, "पहिले बँड."

सगळ्यांचं झाल्यावर ते गवतावर बसले. कमांडर पुऱ्यांचा डबा घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिला. त्याला वाढायचंही सुचत नव्हतं.

"काय पाहून राहिला बे?" बाबा म्हणाले. "यजमान शेवटीच जेवते. वाढ लवकर."